दोन चहांचा कॉम्प्युटर

निमगाव केतकीच्या पेठेत बिरूतात्या शेंडग्यांचं दुकान शोधायला पाटी वाचायची गरज नसे. ज्या दुकानात चार माणसं एकमेकांकडं पाठ करून बसलेली दिसतील आणि मधल्या बाकावर चहाचे उष्टे कप असतील, ते तात्यांचं दुकान. धंदा लग्नपत्रिका करून देण्याचा. आता लग्नपत्रिका म्हणजे मुलाचं नाव, मुलीचं नाव आणि मुहूर्त, एवढ्यावर भागतं असं ज्याला वाटतं, त्यानं इंदापूर तालुक्यात लग्न काढलेलं नाही. खरी पत्रिका त्याच्या खाली सुरू होते. 'आपले विनीत', 'निमंत्रक', 'कार्यवाहक', 'आमचेही आग्रहाचे निमंत्रण', अशी नावांची चळत लागलेली असते आणि त्यातल्या प्रत्येक नावाला आपली ठरलेली जागा असते. थोरला चुलता धाकट्याच्या खाली गेला की संपलं. नाव मागं पडलं म्हणून भर मांडवातून उठून गेलेले मामा या भागात पैशाला पासरी मिळतील. एवढंच काय, अगदी तळाला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असं बोबडं आमंत्रण देणाऱ्या दूधपित्या पोरांच्यातसुद्धा कुणाची छकुली आधी घ्यायची, यावरून जावाजावांच्यात पाडव्यापासून आखाडापर्यंत अबोला टिकतो.

असल्या आगीत बिरूतात्या गेली काही वर्षं रोज हात घालत होते आणि त्यांना चटका म्हणून बसला नव्हता. लोक म्हणत, तात्यांचा स्वभावच गार. तात्या म्हणत, "मी कसला गार? ह्यो गार हाय." आणि मागच्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवत.

तो कॉम्प्युटर बारामतीच्या कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला. कधीकाळी पांढरा असावा, आता जुन्या तुपाच्या रंगावर आला होता. पडदा काळा-पांढरा. मराठी अक्षरं त्याला यायची, पण दमानं. एखादं नाव खालून वर घ्या म्हटलं, की आधी अख्खा पडदा कोरा व्हायचा. मग 'श्री बिरोबा प्रसन्न'पासून एकेक ओळ उमटायला लागायची. सगळी पत्रिका पुन्हा दिसेपर्यंत दोन चहा होत. हे माप गावानंच ठरवलेलं. पहिल्या चहाला माणसं घुश्शात असत. दुसऱ्या चहाला कुणीतरी "तुमच्याकडं पाटाला पाणी आलं का?" असं विचारी. आणि पत्रिका पूर्ण दिसायला लागली की ज्यानं नाव हलवायला लावलं, तोच म्हणे, "ऱ्हाऊ द्या तात्या, पयलं होतं तसंच बरं होतं." की परत दोन चहा.

तात्यांना या संथपणाचं काही वाटत नसे, कारण त्यांचं लहानपणच तसं गेलेलं. बापाची मेंढरं होती. दिवाळी झाली की मेंढरं आणि बिऱ्हाड मिळून सगळा वाडा हलायचा, घाट उतरून कोकणात. पोरगं शाळेत बसायचं ते चार महिने, आणि उरलेले महिने मेंढरांमागं. कळपात सगळ्यात लंगडी मेंढी ज्या चालीनं चालेल, ती अख्ख्या कळपाची चाल, हे त्यांना पाढ्यांच्या आधी कळलं. पुढं मेंढरं विकली, माळाला पाटाचं पाणी आलं, आणि तात्या बारामतीला एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. तात्या ती सुलट्यासारखी वाचत. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे जुने कामगार घरी गेले, तात्या तेवढे स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसले आणि शिकले. मग निमगावात येऊन दुकान टाकलं.

मशीनवर त्यांची माया किती, तर दर खंडेनवमीला त्याची पूजा. नुसतं हळदकुंकू नव्हे, मूठभर भंडारा उधळून. एकदा दुरुस्तीला बारामतीहून माणूस आला, त्यानं पेटी उघडली आणि म्हणाला, "तात्या, हा कॉम्प्युटर हाय का जेजुरी?" आत सगळं पिवळं. तात्यांनी त्याच्या कपाळाला त्यातलाच भंडारा लावला.

या सुखाच्या संसारात खडा टाकला तो त्यांच्याच लेकीनं. राजेश्वरी, घरातली राजी, बारावी करून बापाच्या हाताखाली बसत होती. बोटं अशी चालत की बघणाऱ्याचे डोळे दमत. पण ती काय टाइप करायची ते मशीनला पोचायला वेळ लागे, आणि पोरीचा जीव वरखाली होई.

"तात्या, इंदापुरात रंगीत कॉम्प्युटर आलाय. सकाळी गेलं की दुपारी पत्रिका हातात. आपण कुठवर ह्या म्हाताऱ्याला ढकलायचं?"

"म्हाताऱ्यानं कुणाचं वाईट केलंय?"

"चांगलं तरी कुठं करतंय? चालतंय तरी कुठं?"

राजीची आई साखरबाई चुलीपाशी बसून दोन्ही बाजूंनी बोले. लेक जवळ असली की म्हणे, "खरंय गं, तुजा बाप एकदा धरलं ते सोडत न्हाय." नवरा जवळ असला की म्हणे, "पोरीचं काय ऐकताय, उद्या नांदायला जाईल ती." यातलं दुसरं खरं होतं. सत्त्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात राजीची सुपारी फुटली होती. कळसच्या कोकऱ्यांचा सोपान, दूध डेअरीत कामाला, शांत पोरगा. लग्न वैशाखात धरलेलं.

तेवढ्यात बारामतीच्या एका कॉम्प्युटरवाल्याचा माणूस आला. सौरभ नावाचा, टाय लावलेला, आणि निमगावच्या उन्हात टाय लावणाऱ्याबद्दल गावाला जे वाटायचं ते वाटलं. पण पोरगा बोलायला गोड. तो म्हणाला, "तात्या, नवा ठेवून जातो. लग्नसराई आहे, वापरून बघा. पसंत पडला तर जुना मी उचलून नेतो, किमतीत तेवढी सूट. नाही पडला तर नवा परत."

तात्यांनी जुन्याकडं पाहिलं. जुन्यानं काहीच म्हटलं नाही, तो अजून सकाळचीच पत्रिका काढत होता.

"ठेवा," तात्या म्हणाले. लेकीचं शेवटचं लाडाचं मागणं, नाही म्हणवेना.

नव्या कॉम्प्युटरनं दुकानाचा नूरच पालटला. रंगीत पडदा, गणपती शेंदरी, कलश सोनेरी. राजी एकेका दिवसात आठवड्याचं काम उरकायला लागली. जुना कोपऱ्यात, साखरबाईनं विणलेलं लोकरीचं झाकण पांघरून बसला. तात्यांना आपल्याच दुकानात पाहुणा झाल्यासारखं वाटे. पण लेकीचं हसणारं तोंड बघून ते म्हणत, चला, आपलंच चुकत होतं.

आणि मग कळसचे पाहुणे आले.

व्याह्याचंच दुकान म्हटल्यावर कोकऱ्यांची पत्रिका दुसरीकडं कशी जाईल? सोपानचे वडील दादासो आणि त्यांचे थोरले भाऊ गेणबा, घरातले आबा, दोघं एकाच मोटारसायकलवर बसून आले होते, पण कळसपासून निमगावपर्यंत एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. दोन वर्षं झाली होती. विहिरीवरच्या मोटारीची पाळी कुणाची, यावरून जुंपली ती जुंपलीच. बांधाला बांध, घराला घर, आणि मध्ये भिंत नसून भिंत. त्यांची म्हातारी आई बानूबाई अजून हयात होती. तिनं दोघांना उभं करून सांगितलं होतं, "पत्रिका दोघांनी मिळून करून आणा. न्हायतर ह्या दारात मांडव पडायचा न्हाय." आणि बानूबाईचा शब्द कळसमध्ये कुणी मोडला नव्हता.

म्हणजे पत्रिका झाली तर लग्न. तात्यांनी ते ऐकलं आणि बाकावरचे उष्टे कप आपल्या हातानं उचलले. आजवर दुसऱ्यांच्या पोरींच्या पत्रिका निस्तरल्या, आज स्वतःच्या पोरीची होती.

राजी डोक्यावर पदर घेऊन, होणाऱ्या सासऱ्याकडं न बघता, नव्या मशीनसमोर बसली. दोघे भाऊ बाकाच्या दोन टोकांना बसले. बोलणं चाललं ते तात्यांच्या मार्फत.

"तात्या, त्यांना सांगा," दादासो म्हणाले, "'आपले विनीत'मधी थोरल्यांचंच नाव वर घ्या. आमी काय मान सोडला न्हाय."

"तात्या, त्यांना सांगा, आमी मान मागितला न्हाय. पर माज्या नावाम्होरं 'प्रगतशील बागायतदार' ऱ्हायलं."

राजीनं टाकलं. टाकलं म्हणजे कसं, तर म्हणता म्हणता दिसलं.

"मग माज्या नावाम्होरं 'संचालक, दूध संस्था' येऊ द्या," दादासो.

तेही दिसलं. गेणबांची नजर बारीक झाली. 'संचालक' शब्द 'बागायतदार'पेक्षा मोठा दिसतो का, ते त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. दिसत होता.

"संचालक हायेत तर मंग वर जावा की. माजं घ्या खाली."

हे तिडिकीनं बोललेलं. जुन्या कॉम्प्युटरवर असतं तर वाऱ्यावर गेलं असतं. पण राजी बिचारी सरावानं हुकूम पाळत गेली. एखादी ओळ दुसरीकडं न्यायची तर ती आधी होती तिथून काढावी लागते. जुन्यावर पडदा कोरा व्हायचा, त्यात कुणाचं काय काढलं ते कुणाला दिसत नसे. नव्यावर मात्र बाकी सगळी पत्रिका जशीच्या तशी राहिली, आणि तेवढं एकच नाव, 'श्री. गेणबा तुकाराम कोकरे', सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं. खालच्या नावांनी वर सरकून त्याची जागाही भरली.

दादासोंच्या तोंडून नको ते निघालं, "बगा, कसं झटक्यात गेलं."

गेणबा उठले. पटका सारखा केला. आवाज चढला नव्हता, उलट पडला होता.

"मी जित्ता बसलोय हितं, आन् माजं नाव पुसलं. पुतण्याच्या पत्रिकंतनं. जित्त्या माणसाचं." आणि वहाणा पायात घालून ते एस. टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

"आबा, अवं ते खाली येणार होतं!" राजी ओरडली. पण ते पेठेच्या वळणावर गेले होते.

दादासो आता खजील. पण धाकटा भाऊ खजील झाला तरी मागं कसा जाईल? ते बाकावर घट्ट बसून राहिले. साखरबाईनं पदर तोंडाला लावला. तात्यांच्या डोळ्यांपुढं बानूबाईचा न पडलेला मांडव उभा राहिला. त्यांना रागही आला, त्या रंगीत डबड्याचा, टायवाल्याचा, आणि थोडा लेकीचाही. ते लेकीला बोलणारच होते. पण राजी जागेवर नव्हतीच. ती पदर खोचून, अनवाणी, स्टँडकडं निघाली होती. नवरी व्हायच्या पोरीनं भर बाजारातून असं जावं का, हे विचारायला कुणाला सुचलंच नाही. तात्याही मागोमाग गेले.

कळसच्या गाडीला अवकाश होता. गेणबा रसवंतीच्या बाकड्यावर बसले होते, रस न मागवता. राजी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आबा, चूक माजी हाय. त्या नव्या मशीनला माणसं कळत न्हाईत, निस्ता हुकूम कळतो. आन् मला बी त्याच्यासंगं तीच खोड लागली. जुन्यावर करते. तुमी फकस्त बसा. न्हाय पटलं तर मी सोता तुमाला गाडीत बसवून दीन."

गेणबांनी पोरीच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाले, "चपला तरी घालून यायचं, पोरी. पाय भाजले आस्तील." आणि उठले.

राजीनं लोकरीचं झाकण काढलं. जुना कॉम्प्युटर चालू झाला तो नेहमीसारखा, आधी घरघरला, मग थांबला, मग चालू व्हायचं ठरवलं. फ्लॉपीवरून पत्रिका त्यावर घेतली. पडदा कोरा. साखरबाईनं चहा टाकला. आणि सगळे बसले.

'श्री बिरोबा प्रसन्न.' पुष्कळ वेळानं 'श्री खंडोबा प्रसन्न.' मग 'चि. सोपान.' मग त्याच्या खाली, अक्षर अक्षर करत, 'कै. तुकाराम रामा कोकरे यांचे नातू'.

आणि तिथं मशीन अडकलं. बाकी पडदा कोरा, वर देव, आणि त्याखाली दोघा भावांच्या बापाचं नाव. ते हलेना.

पहिला चहा संपला. दोघे भाऊ त्या नावाकडं बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच.

"अण्णांचं नाव कवा छापून आलं न्हवतं कुठं," गेणबा म्हणाले. ते तात्यांना म्हणाले नाहीत. कुणालाच म्हणाले नाहीत.

"सातबाऱ्यावर होतं की," दादासो म्हणाले.

"ते तलाठ्यानं लिव्हल्यालं. आसं न्हवतं."

"त्यांना वाचायला बी आलं नस्तं, आबा."

"तुला शाळंत घातलं त्यांनी. म्हनले, एकानं मेंढरं राखायची, एकानं वाचायचं."

दादासोंनी कप खाली ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा भावाकडं सरळ बघितलं. "तुमी राखली म्हनून मी वाचलं. ते काय मला ठावं न्हाय व्हय?" ते बाकावरून भावाकडं सरकले. "मोटारीचं कसलं घिऊन बसलाय, आबा. तुमीच पयली पाळी घ्या."

"पाळी गेली खड्ड्यात," गेणबा म्हणाले आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. मग राजीला म्हणाले, "पोरी, आमच्या अण्णांच्या नावाम्होरं काय लावायचं गं? समद्यांच्या म्होरं कायतरी हाय."

"काय नगं," दादासो म्हणाले. "निस्तं नाव बास हाय."

दुसरा चहा संपेपर्यंत पत्रिका पुरी झाली आणि नवं भांडण सुरू झालं. दादासो म्हणत थोरल्याचं नाव वर, गेणबा म्हणत पोराचा बाप वर. आता दोघेही सरळ एकमेकांशी भांडत होते आणि तात्या मध्ये नव्हतेच. शेवटी राजीनं दोन्ही नावं एकाच ओळीत शेजारी शेजारी बसवली. 'बागायतदार' गेलं, 'संचालक'ही गेलं, नाहीतर ओळीत मावत नव्हतं. दोघे भाऊ मोटारसायकलवरून परत निघाले तेव्हा गेणबा मागून दादासोंच्या कानात काहीतरी ओरडून सांगत होते आणि दादासो हसत होते.

सौरभ आला तेव्हा तात्यांचं ठरलेलं होतं. नवा ठेवायचा; धंदा म्हणजे धंदा, इंदापूरवाला काही थांबणार नव्हता. राहता राहिला जुना.

"जुना मात्र न्हाय द्यायचा," राजी म्हणाली. "त्यो माजा हाय. मी घिऊन जानार."

"कळसला?" तात्या चकित झाले. "येडी का काय? न्यायचाच तर नवा ने. लोक म्हनतील बापानं लेकीला भंगार दिलं. मी हितं जुन्यावर भागवीन, मला सवय हाय."

"तात्या, तितं मला दोन घरं जोडून ठेवायचीत. नव्यावर कशी ठेवू?"

आजवर तात्यांनी लेकीला काही कमी पडू दिलं नव्हतं, असं त्यांना वाटायचं. पण तिला जे खरोखर हवं होतं ते त्यांच्याकडं इतकी वर्षं कोपऱ्यात घरघरत होतं, आणि माणसांना दमानं घ्यायचं हे आपण तिला आपसूक शिकवून बसलोय, हे त्यांना आज कळलं. ते दुकानाच्या मागं गेले आणि जरा रडून आले. सौरभला त्यांनी पुरी किंमत दिली आणि वर कपाळाला भंडारा लावला.

लग्नात रुखवताच्या टेबलावर करंज्या आणि क्रोशाचे रुमाल यांच्या मध्ये तो कॉम्प्युटर मांडला होता. बायका बघायला लोटल्या. गेणबा स्वतः तिथं उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "हात लावू नगा. लई कामाचा हाय."

राजी नांदायला गेली. कळसच्या घरातल्या पडवीत मशीन बसलं आणि तिथंही पत्रिका सुरू झाल्या. निमगावात तात्या एकटे, समोर रंगीत पडदा. काम झरझर व्हायचं, आणि झरझर झालं की दुकान रिकामं व्हायचं. रिकामं दुकान त्यांना सोसत नसे. मग एखादं गिऱ्हाईक तोंड फुगवून बसलं की ते म्हणत, "तुमची पत्रिका हितं व्हायची न्हाय. कळसला जावा. माजी लेक हाय तितं." माणसं जात, समेट करून येत, आणि येताना राजीचा निरोप आणत: बरी हाय, सासू जीव लावती, आबा रोज चहाला पडवीत येतात. तात्या ते पुन्हा पुन्हा सांगायला लावत.

पण सगळ्याच लग्नांत भांडणं कुठली? कधी कधी महिना जाई आणि कळसकडं कुणी जायला निघत नसे. मग तात्या काय करत, ते साखरबाईला ठाऊक होतं आणि ती बोलत नसे. चांगली एकोप्याची माणसं पत्रिका घेऊन बसलेली असायची आणि तात्या पडद्याकडं बघत सहज म्हणायचे, "आँ? मामांचं नाव खाली कसं काय घेतलं?" तोवर साखरबाई आत राजीसाठी चिवड्याची पुरचुंडी बांधायला लागलेली असे.